ऊन पाण्याची किंमत

आम्ही कल्याण, भिवंडी, शहापूर आणि मुरबाड भागातल्या बचत गटांच्या समन्वयक. एरवी या कार्यक्रमात आम्ही कर्ज, हप्ते, पापड-लोणची आणि बँकेचं पासबुक यांवर बोलतो. आज इतिहास सांगणार आहोत. हा इतिहास राजांचा आणि लढायांचा कमी, आपल्या पायाखालच्या उष्णतेचा जास्त आहे.

कारण असं की सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. भू म्हणजे जमीन, औष्णिक म्हणजे उष्णतेची. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करायची, किंवा ती उष्णता थेट वापरायची, असा त्याचा अर्थ. हे ऐकल्यावर गटाच्या बैठकीत बायका विचारतात, "आपल्या वज्रेश्वरीला तर बाराही महिने गरम पाणी वाहतं. मग त्याच्यावर वीज का होत नाही? ना कोळसा, ना धूर, पाणी तर फुकटच आहे."

प्रश्न अगदी बरोबर आहे. पाणी फुकट दिसतं, पण ते जमिनीतून काढायला जातो तेव्हा त्याची किंमत लागते. ती किती लागते आणि कुणाला भरावी लागते, हे ज्यांनी आपल्या आधी ते काढून पाहिलं त्यांच्या इतिहासातून कळतं. म्हणून आज तोच सांगतो.

गावांच्या नावातलं ऊन

आपल्या आज्या गरम पाण्याला ऊन पाणी म्हणत. "ऊन पाण्यानं पाय शेक" असं अजूनही म्हणतात. कोकणातल्या गावांची नावं बघा. रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीकडे उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. या तिन्ही गावांत गरम पाण्याचे झरे आहेत. शास्त्रज्ञ यायच्या कितीतरी आधी लोकांनी नावातच नोंद करून ठेवली होती.

ही रांग मोठी आहे. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेर, हलोली, सातिवलीपासून ती सुरू होते. मग आपल्या भिवंडी तालुक्यातली गणेशपुरी, अकलोली आणि वज्रेश्वरी. पुढे पालीचं उन्हेरे, महाडजवळचं सव, मुंबई-गोवा रस्त्यावरची आरवली, तुरळ, राजवाडी आणि शेवटी राजापूर. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री, यांच्या मधल्या पट्टीत सुमारे साडेतीनशे किलोमीटरपर्यंत हे झरे ओळीनं आहेत.

वज्रेश्वरीची लिहिलेली नोंदही जुनी आहे. पेशव्यांचे भाऊ चिमाजी अप्पा वसईच्या मोहिमेवर होते तेव्हा त्यांनी देवीला नवस केला, असं सांगतात. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला आणि नवस फेडायला देवीचं आजचं देऊळ उभं राहिलं. पुढे इंग्रजांनी १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं, त्यातही वज्राबाईच्या गरम झऱ्यांची नोंद आहे. गणेशपुरीला १९३० च्या दशकात स्वामी नित्यानंद येऊन राहिले आणि तिथल्या कुंडांवर लांबून माणसं येऊ लागली.

आज चैत्र अमावास्येच्या जत्रेला कल्याण, भिवंडी, वसईकडून लोक येतात, कुंडात अंघोळ करतात. कुणाला सांधेदुखीला आराम वाटतो, कुणाला खरजेला. फुलं, नारळ, चहा, राहायच्या खोल्या यांवर कितीतरी घरं चालतात आणि त्यातलं बरंच काम बायकांच्या हातात आहे. तेव्हा हे पाणी आजसुद्धा रिकामं वाहत नाही. वीज होत नसली तरी ते घरं चालवतं आहे.

ज्वालामुखी कुठे गेला?

देवीनं राक्षस मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी कथा आहे. शेजारच्या मंदाकिनी डोंगराला लोक ज्वालामुखीचा डोंगर म्हणतात. ज्वालामुखीच्या गोष्टीत तथ्य आहे, पण ती फार जुनी गोष्ट आहे.

आपला सगळा सह्याद्री लाव्हारसाचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस थरावर थर येत राहिला. तो थंड होऊन आपला काळा पाषाण झाला, ज्याला बेसॉल्ट म्हणतात. माळशेज घाटातून जाताना डोंगराच्या कड्यावर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, ते हेच थर. कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा तिथे हा काळा दगड सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा निघाला. त्याच्याखाली ग्रॅनाइट लागला.

तो रस कधीच निवाला आहे. मग पाणी गरम कसं? जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते. साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. आपल्याकडे पाऊस भरपूर. त्यातलं थोडं पाणी खडकाच्या लांब भेगांतून फार खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेनं पटकन वर येतं. वर येईपर्यंत ते थोडं निवतं. आपल्या भागातल्या कुंडांचं पाणी साधारण ४० ते ६० अंशांच्या दरम्यान असतं. उन्हवऱ्याचं सत्तरच्या घरात जातं. जमिनीखाली ते याहून जास्त, शंभर अंशांच्या थोडं वर असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. खाली क्षार विरघळतात म्हणून ते चवीला खारट लागतं.

इथेच पहिलं उत्तर मिळतं. जिथे ज्वालामुखी अजून जिवंत आहे किंवा अलीकडेच शांत झाला आहे, तिथे एक-दोन किलोमीटरवर दोनशे-तीनशे अंशांची वाफ मिळते आणि त्या वाफेनं टर्बाइन फिरतं. आपली उष्णता मंद आचेची आहे. तिच्यावर वीज करायची तर गरम पाण्यानं दुसरा एखादा लवकर उकळणारा द्रव तापवावा लागतो आणि त्याच्या वाफेनं यंत्र फिरवावं लागतं. हे तंत्र जगात आहे, पण त्यातून वीज कमी मिळते आणि खर्च जास्त येतो.

पैसा आधी, वीज नंतर

जमिनीच्या वाफेवर पहिली वीज १९०४ मध्ये इटलीतल्या लार्देरेल्लो गावात झाली. तेव्हा पाच दिवे लागले. १९१३ मध्ये तिथे २५० किलोवॅटचं केंद्र सुरू झालं. दाखवायचे पाच दिवे आणि विकायची वीज यांच्यामध्ये नऊ वर्षं गेली.

आफ्रिकेतल्या केनिया देशाची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. तिथला रिफ्ट खोऱ्याचा उंच प्रदेश ज्वालामुखींचा आहे. ओल्कारिया या ठिकाणी १९५६ मध्ये पहिल्यांदा भोकं पाडली. वापरण्याजोगी वाफ मिळाली नाही, काम सोडून दिलं. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पुन्हा सुरुवात झाली आणि १९८१ मध्ये १५ मेगावॅटचं पहिलं यंत्र फिरलं. म्हणजे पहिल्या भोकापासून पहिल्या विजेपर्यंत २५ वर्षं. एका पोरीचा जन्म होऊन तिचं लग्न व्हावं इतका काळ. आज केनियाची जवळजवळ निम्मी वीज जमिनीच्या उष्णतेवर होते, हेही तितकंच खरं.

इतका वेळ का लागतो, हे आपल्याला बोअरवेलवरून समजेल. आपल्या काळ्या पाषाणात बोअर मारायची तर पाणाड्या बोलवा, नारळ फोडा, गाडी आणा, तरी दोनशे फुटांवर नुसती धूळ उडते. बोअर फेल गेली तरी गाडीवाल्याचे पैसे द्यावेच लागतात. भूऔष्णिक विहिरीचं तसंच आहे, फक्त खोली फुटांऐवजी किलोमीटरमध्ये मोजायची. एका खोल विहिरीला जगात साधारण ३० ते ६० लाख डॉलर लागतात, म्हणजे २५ ते ५० कोटी रुपये. नव्या जागी पहिल्या काही विहिरी घेतल्या तर सरासरी पाचातल्या तीनच कामाच्या निघतात. उरलेल्या दोनांचे पैसे जमिनीत जातात. एक केंद्र चालवायला अशा अनेक विहिरी लागतात आणि पहिलं युनिट विकण्याआधी हा सगळा पैसा घालावा लागतो. एकदा केंद्र उभं राहिलं की मात्र इंधनाचा खर्च नाही, आणि रात्री-पावसातही वीज चालू राहते. सौरऊर्जेला हे जमत नाही. म्हणून देश त्यामागे लागतात.

आपल्या देशानंही प्रयत्न केले. १९६६ मध्ये केंद्र सरकारने गरम झऱ्यांचा अभ्यास करायला समिती नेमली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशभरातले झरे तपासले, त्यात आपले कोकणातले झरेही आले. २०२२ च्या त्यांच्या नकाशा-ग्रंथात अशी ३८१ ठिकाणं दिली आहेत आणि देशात सुमारे १०,६०० मेगावॅट वीज होऊ शकेल असा अंदाज आहे. हिमाचलमधल्या मणिकर्णला ५ किलोवॅटचं छोटं प्रयोगाचं यंत्र चाललं, ते नंतर दरड कोसळून गेलं. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून ४,४०० मीटर उंचीवर, १९७० च्या दशकात विहिरी घेतल्या. तिथल्या पाण्याला उकळी फुटते, पण माणसं पोचायलाच कठीण आणि वीज वाहून न्यायला तारा नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीनं तिथे एक मेगावॅटच्या प्रकल्पासाठी करार केला. ऑगस्ट २०२२ मध्ये खोदताना जमिनीतलं पाणी जोरात वर उसळलं आणि पुगा नाल्यात मिसळलं. त्या खोऱ्यात चांगपा लोक मेंढ्या आणि पश्मिना बकऱ्या चारतात. नाल्याचं पाणी बिघडलं तर पहिली झळ त्यांना.

कोकणात आजवर या पाण्यावर विजेचं एकही केंद्र उभं राहिलेलं नाही. त्यामुळे आपल्याकडे अजून काही बिघडलेलं नाही आणि विचार करायला वेळ आहे.

पैशाशिवायची किंमत

पैशाचा हिशोब सरकार आणि कंपन्या करतात. दुसरा एक हिशोब असतो, तो बहुतेक वेळा कुणी मांडत नाही. न्यूझीलंडमध्ये तो मांडला गेला, म्हणून तो आपण ऐकण्यासारखा आहे.

न्यूझीलंडमध्ये १९५८ मध्ये वैराकेई इथे मोठं भूऔष्णिक केंद्र सुरू झालं. जमिनीतलं गरम पाणी उपसून वापरायचं आणि नदीत सोडून द्यायचं, अशी तेव्हाची पद्धत. थोड्याच वर्षांत जवळच्या दरीतले गरम पाण्याचे फवारे बंद पडले. काही ठिकाणी जमीन १४-१५ मीटर खचली. म्हणजे चार-पाच मजली इमारतीइतकी.

त्याच देशात रोटोरुआ नावाचं गाव आहे. तिथे माओरी लोक पिढ्यान्‌पिढ्या गरम झऱ्यांवर स्वयंपाक करतात, धुणं-अंघोळ करतात. पाहुण्यांना झरे दाखवायचं काम तिथल्या बायका करत आल्या. मकेरेती नावाची त्यातली एक बाई इतकी नावाजली की पुढे तिनं आपल्या लोकांवर पुस्तक लिहिलं. या गावात घरोघरी आणि हॉटेलांनी गरम पाण्यासाठी बोअर मारल्या. १९७० च्या दशकापर्यंत झरे आटू लागले, मोठा पोहुतू फवाराही अडचणीत आला. मग १९८२ पासून सरकारने मोजणी सुरू केली. कुठल्या बोअरमधून किती पाणी जातं, झऱ्याची पातळी किती, सगळं लिहिलं. त्या नोंदींच्या आधारावर १९८६-८७ मध्ये पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायचा हुकूम निघाला. पुष्कळ आरडाओरडा झाला. पण झरे हळूहळू परत आले.

आज चांगल्या प्रकल्पात वापरलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडतात. त्यामुळे झरे टिकायला मदत होते आणि खारं, क्षारांचं पाणी शेतात आणि प्यायच्या विहिरीत जात नाही. पण त्यासाठी आणखी विहिरी, म्हणजे आणखी पैसा. जिथे कुणी विचारणारं नसतं, तिथे हा खर्च वाचवायचा मोह होतो.

परत पाणी सोडण्याला दुसरी बाजू आहे. खोल खडकात जोरानं पाणी घातलं तर जमीन हलू शकते. स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहरात डिसेंबर २००६ मध्ये अशा कामामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि प्रकल्प बंद करावा लागला. दक्षिण कोरियातल्या पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. तो भूऔष्णिक विहिरींमुळे घडला, असं तिथल्या सरकारी तपासणी गटानं २०१९ मध्ये सांगितलं. आपल्याला हे नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि धरणातलं पाणी यांचा संबंध शास्त्रज्ञ सांगतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसत होते, तेव्हा लोक थंडीत लेकरं घेऊन घराबाहेर झोपले. तिथे भूऔष्णिक काही चाललेलं नव्हतं. पण जिथली जमीन आपणहून हलते, तिथे खोदणाऱ्यानं दुप्पट काळजी घ्यायला हवी.

आणि राहिली जमीन. केनियात ओल्कारियाचं चौथं केंद्र बांधताना मासाई पशुपालकांची सुमारे दीडशे कुटुंबं २०१४ मध्ये हलवली. नवी घरं दिली, शाळा दिली. पण नवी जागा घळींची, गुरांना सोयीची नाही, जमिनीचे कागद हातात नाहीत, अशा तक्रारी घेऊन लोक जागतिक बँकेकडे आणि युरोपातल्या कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेले. मग मध्यस्थी झाली आणि काही मागण्या मान्य झाल्या. स्वच्छ वीज असली तरी घर सोडावं लागणाऱ्याचं दुःख तेच असतं.

आपल्या डोंगरांचा जुना हिशोब

कुणी म्हणेल, या दूरदेशच्या गोष्टी आहेत. मग आपल्याच भागाकडे बघूया.

वज्रेश्वरीजवळून जी तानसा नदी वाहते, तिच्यावर वरच्या अंगाला शहापूर तालुक्यात इंग्रजांनी धरण बांधलं. ते १८९२ मध्ये पुरं झालं आणि पाणी मोठ्या नळांनी मुंबईला गेलं. मग वैतरणेवर मोडक सागर १९५७ मध्ये आला, पुढे भातसा आली, मध्य वैतरणा २०१४ मध्ये झाली. शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

विजेचंही तसंच झालं. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, घाटावरच्या तलावांतलं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. पुढच्या मुळशी धरणाच्या वेळी १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यांच्या पुढे होते. त्यात बायाही होत्या. धरण झालंच. आपल्या कल्याणजवळ ठाकुर्लीला १९२९ च्या सुमारास चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. ते कोळशावर चालायचं आणि त्याची वीज रेल्वेला जायची. कितीतरी घरांना त्यानं रोजगार दिला. १९८० च्या दशकात ते बंद पडलं आणि मागे राहिल्या पडक्या भिंती.

यातलं काहीच झालं नसतं तर बरं, असं आम्ही म्हणत नाही. मुंबईला पाणी लागतं, आणि आपली मुलंही तिथेच कामाला जातात. रेल्वेला वीज लागते, आपण त्याच लोकलनं कल्याणला येतो. पण या प्रत्येक वेळी काय जाणार आणि काय मिळणार, याची नोंद डोंगरातल्या माणसांच्या हातात नव्हती. धरणाआधी कुठल्या पाड्याची कुठली विहीर किती महिने पुरायची, बाई पाण्यासाठी किती चालायची, हे कुणी लिहिलं नाही. जे लिहिलेलं नसतं, त्याची भरपाई मागता येत नाही.

मंद आचेचा उपयोग

आता चांगली बाजू. वीज करायला आपली उष्णता कमी पडते, पण पन्नास-साठ अंशांची ऊब वाळवणाला पुरेशी असते. पापड, सांडगे, आंबोशी, कोकम, सुकी मासळी यांना याहून जास्त ताप लागत नाही. पावसाळ्यात वाळवण अडतं, बुरशी लागते, गटाचा माल वाया जातो, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

जगात हे झालेलं आहे. आइसलँडमध्ये जमिनीच्या गरम पाण्यावर मासळी वाळवून परदेशी पाठवतात. केनियात मेनेंगाई ज्वालामुखीजवळ याच उष्णतेवर दूध तापवणं, भाजीची हरितगृहं, कपडे धुणं असे प्रयोग केले. एबुरू नावाच्या डोंगरी गावात पाणीच नव्हतं, तर लोकांनी जमिनीतून निघणारी वाफ पाइपात धरली, ती निववली आणि प्यायचं पाणी मिळवलं. आपल्या देशात लडाखमधल्या चुमाथांगला गरम पाण्यावर हरितगृह चालवून पाहिलं, आणि मणिकर्णला याच उष्णतेवर शीतगृहाचा प्रयोग झाला.

अशा कामाला किलोमीटरभर खोल विहीर लागत नाही. झऱ्यातून वाहून जाणारं पाणी एका बंद नळीतून फिरवलं तरी हवा तापते. खारं पाणी मालाला लागू द्यायचं नाही, एवढी काळजी घ्यायची. कुंडावर पहिला हक्क अंघोळीचा आणि देवाचा, तो ठेवून उरलेल्या पाण्याची ऊब वापरता येते. वाळवणाची अशी एक खोली करायला किती खर्च येईल, हे एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारता येईल. गटांच्या संघानं असा प्रस्ताव मांडला, तर नव्या धोरणाच्या काळात तो कुणाला वेडेपणाचा वाटणार नाही. धोरण विजेपुरतंच नाही, उष्णतेच्या थेट वापरालाही त्यात जागा आहे.

नोंदवही

उद्या कुणी मोठी कंपनी मशीन घेऊन आली, तर तिला नुसतं "नको" किंवा नुसतं "या" म्हणून भागणार नाही. विचारायचे प्रश्न ठरलेले असावेत. विहीर कुठे आणि किती खोल? वापरलेलं पाणी कुठे सोडणार? कुंडांचं पाणी कमी झालं तर काम कोण थांबवणार? जमीन हलते का, याची मोजणी कोण करणार आणि आकडे गावाला कधी दाखवणार? वीज कुठे जाणार आणि गावातल्या किती जणींना काम मिळणार? विहीर फेल गेली तर खड्डा कोण बुजवणार?

हे विचारायची जागा कायद्यानं दिली आहे. शहापूर तालुका पूर्ण, भिवंडीतली ७२ आणि मुरबाडमधली ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावा लागतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का, ते ग्रामसेवकांना विचारा. यादीत नसलं तरी ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद सगळीकडे आहे. कागदावर सह्या करून ती उरकू देऊ नका.

आणि हे सगळं होण्याआधी, आतापासून, एक काम आपल्या हातात आहे. ज्या गावात ऊन पाण्याचा झरा किंवा कुंड आहे, तिथल्या गटानं एक वही घालावी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या वेळी, शंभर अंशांपर्यंत मोजणारा साधा थर्मामीटर पाण्यात धरून आकडा लिहावा. पाणी जिथून बाहेर पडतं तिथे बादली लावून ती किती सेकंदांत भरते, ते लिहावं. जवळच्या प्यायच्या विहिरीची पाण्याची पातळी दोरीनं मोजून लिहावी. वास, रंग, चव बदलली तर तेही. खाली दोघींच्या सह्या आणि तारीख. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं निदान एक वर्ष, जमलं तर दोन-तीन वर्षं. रोटोरुआचे झरे अशाच मोजणीनं वाचले. उद्या झरा आटला तर "आधी किती होता?" हा पहिला प्रश्न विचारला जाईल आणि त्याचं उत्तर आपल्या वहीत असेल.

बचत गटाच्या बाईला वही ठेवणं शिकवावं लागत नाही. दर महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची नोंद आपण चुकू देत नाही. त्याच बैठकीत झऱ्याची नोंद वाचून दाखवा, इतिवृत्तात घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या.

अकलोली, गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि सातिवलीकडच्या ज्या गटांना ही वही सुरू करायची असेल, त्यांनी आपल्या समन्वयक ताईला सांगावं. रकाने कसे आखायचे, ते आम्ही पुढच्या बैठकीत फळ्यावर दाखवू. थर्मामीटर एका गटाला महाग वाटला तर ग्रामसंघानं एक घेऊन पाळीपाळीनं वापरावा.